से कॅथेड्रलची कॅथरीन आणि टेकडीवरची केतेवान

जुन्या गोव्याला जाऊन आलेली मंडळी फोटो दाखवता दाखवता हमखास सांगतात, “इथे त्या सेंट कॅथरीन राणीची हाडं सापडली बरं का!” पाहुण्यांचं एक वेळ समजू शकतो, पण एका गाइडने तीस जणांच्या घोळक्याला हेच ऐकवलं, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. हाडं सापडली ती केतेवान राणीची, जवळच्या टेकडीवर. कॅथरीन ही वेगळीच.

बॉम जेझूचं चर्च, तिथली सेंट फ्रान्सिस झेवियरची म्हणजे ‘गोंयचो सायबा’ची चांदीची पेटी, हे सगळ्यांना पाठ आहे. ते सोडून रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये या. ते आहे अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचं. कथा चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. राजघराण्यातली ही कुमारिका पन्नास पंडितांना वादात गप्प करते, सम्राटाला नकार देते. तिला खिळ्यांच्या चाकावर घालायला जातात तर चाकच मोडतं, आणि शेवटी तलवारीने शिरच्छेद होतो. तिच्या चित्रात किंवा मूर्तीशेजारी चाक दिसतं ते यामुळे. मुख्य वेदीमागच्या सोनेरी चौकटींत तिच्याच आयुष्यातले प्रसंग आहेत.

केतेवान ही जॉर्जियातल्या काखेतीची राणी, विधवा, तैमुराझ राजाची आई. इराणच्या शाह अब्बासने तिला कित्येक वर्षं ओलीस ठेवलं आणि धर्म सोडत नाही म्हणून १६२४ साली शिराझला हाल हाल करून मारलं. एक कुमारिका, एक लेकुरवाळी. दोघींमध्ये तेराशे वर्षांचं अंतर. यात घोळ व्हायचं खरं तर कारण नाही. (सिएनाची कॅथरीन ही आणखी तिसरीच. ती रक्तसाक्षी, म्हणजे धर्मापायी मारली गेलेली, नव्हेच. १३८० साली रोममध्ये आजारपणात गेली.)

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. जिच्या नावाचं एवढं मोठं चर्च, तिच्या अस्थीही तिथेच असणार, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे हे असं कुणी धरत नाही. ज्ञानेश्वरांची देवळं गावोगाव आहेत, समाधी मात्र आळंदीलाच. मग गोव्यात गेल्यावर ही अक्कल कुठे जाते?

कॅथरीनचा देह गोव्यात कधीच नव्हता. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, आणि त्या दिवशी तिचा सण होता, एवढाच संबंध. सोमवारी जन्मला म्हणून सोमा, तसलं हे नाव. अस्थींची गोष्ट आहे इजिप्तमधल्या सिनाईची. देवदूतांनी तिचा देह तिथल्या डोंगरावर नेला अशी श्रद्धा, आणि पायथ्याच्या सहाव्या शतकातल्या मठाला पुढे तिचं नाव पडलं. तिची कवटी आणि डावा हात तिथे चांदीच्या पेट्यांत ठेवलेत. दर्शनाला येणाऱ्यांना तिच्या नावाची अंगठी देतात. फ्रान्समधल्या रूआँलाही अकराव्या शतकापासून तिच्या अस्थी पुजल्या जात. समाधी एकाच जागी राहते, संतांच्या अस्थी मात्र वाटल्या जातात.

केतेवानचं नेमकं उलटं. गोव्यात तिच्या नावाचं कॅथेड्रल नाही, पण अस्थी खरोखरच आल्या. शिराझमधल्या ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिचे अवशेष लपवून बाहेर काढले आणि त्यातला काही भाग १६२७ मध्ये जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या आपल्या मठात आणून ठेवला. मठ १८३५ मध्ये ओस पडला, छप्पर कोसळलं, जागा विस्मरणात गेली. जुन्या पोर्तुगीज कागदांत मात्र ‘दुसऱ्या खिडकीपाशी’ अशी खूण होती. तिच्या आधाराने पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला आईकडून येणारा डीएनए तपासला. तो वंशगट भारतीय नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत आढळला.

“डीएनएने राणी सिद्ध झाली” हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. डीएनए म्हणतो, हाडाचं माहेर त्या बाजूचं असू शकतं. राणीचं नाव येतं ते खिडकीच्या खुणेतून. दोन्ही जुळलं म्हणून खात्री वाटते. २०२१ साली परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अस्थींचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्त केला.

कॅथरीनच्या बाजूने असा एकही कागद नाही. तिच्या कथेचे पुरावे तिच्या काळानंतर कित्येक शतकांनी सुरू होतात. रोमच्या कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला, २००२ मध्ये परत घेतला. भक्तांना याने फरक पडला नाही, आणि पडावा असं मलाही वाटत नाही. पण पर्यटकाने निदान हाडं कुणाची ते तरी नीट सांगावं.

माझं ऐकाल तर से कॅथेड्रलमध्ये वेदीपाशी थांबून चाक शोधा आणि तिथून चालत टेकडी चढा. वरती आता अस्थी नाहीत. उघड्या आभाळाखाली मठाची जोती आहेत आणि जांभ्याचा अर्धा उरलेला ४६ मीटरचा मनोरा.