रिपोर्टातली ‘सिस्ट’ म्हणजे कॅन्सर नव्हे

चोपड्याच्या आमच्या नानांचं घोरणं मध्येच थांबतं, दहा-बारा सेकंद काहीच नाही, मग दचकून श्वास. त्यासाठी जळगावला नाक-घशाचा सीटी स्कॅन केला. गालाच्या सायनसमध्ये ‘सिस्ट’ निघाली आणि भाऊबंदांत कॅन्सरची कुजबुज सुरू झाली. हा समज जुना आहे, आणि चुकीचा. अशी रिटेन्शन सिस्ट म्हणजे ग्रंथीचं तोंड बंद होऊन साचलेला द्रव. बहुतेकदा निरुपद्रवी, कधी आपोआप जिरतेही. अशा स्कॅनमध्ये मानेच्या धमनीत कॅल्शियम दिसलं, तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. तो पक्षाघाताच्या धोक्याचा इशारा असू शकतो. आणि झोपेत श्वास थांबण्याचं निदान स्कॅनवर होत नाही, त्याला झोपेची तपासणीच लागते. नानांची ती अजून व्हायचीय. मला काळजी तिची आहे.