चार-चार घंट्यांचे व्हिडिओ कुठून आले? लाँग व्हिडिओ एसेच्या फॅन मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी

"आजकालच्या पोरांना दोन मिनिटं एका जागी धीर निघत नाही" असं जे लोक उठसूट म्हणतात ना, त्यांनी एकदा दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात मंडईला, म्हंजे गावच्या जत्रेला यावं, तिथं रात्री नाटक असतं. पत्रिकेवर नऊ छापलेलं असतं, पडदा दहा-साडेदहाला उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं, मधे गाणी, मधे कॉमेडी, परत रडारड, आणि थंडीत चादरी पांघरून बसलेलं पब्लिक जागचं हलत नाही. या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि इथं हे पिढ्यानपिढ्या चालू आहे. म्हंजे लांबलचक काहीतरी बसून बघायची-ऐकायची सवय इथं यूट्यूबनं लावलेली नाही, ती आधीचीच. यूट्यूबवर लांब व्हिडिओ यायलाच उलट लय वेळ लागला, आणि ते का आले याची कहाणी कलेपेक्षा हिशोबाची जास्त आहे.

कशाबद्दल बोलतोय ते आधी सांगतो, कारण पानठेल्यावर हे सांगताना दरवेळी गडबड होते. दोन माणसं माईक लावून गप्पा मारतात तो पॉडकास्ट, ते नाही. डॉक्युमेंटरी पण नाही. व्हिडिओ एसे म्हंजे एक माणूस, एक प्रश्न, त्याचं स्वतःचं मत, आणि ते मत पटवायला तो एकेक क्लिप, फोटो, कागद, जुनी मुलाखत समोर मांडत जातो. विषय काही पण असू दे, एखादा पिक्चर का फसला, क्रिप्टोचा फुगा कसा फुगला, एखादी इमारत अशीच का बांधली. अर्धा तास, दोन तास, चार तास.

ही चीज इंटरनेटची नाही. हान्स रिश्टर नावाच्या जर्मन कलावंतानं 1940 मध्येच फिल्म-एसे या नावानं लेख लिहून ठेवला होता, की माहितीपटानं नुसतं दिसतं ते दाखवायचं कशाला, विचार पण दाखवावा. पण खरा नमुना आला 1957 मध्ये, फ्रान्सच्या क्रिस मार्करनं सायबेरियावर फिल्म केली तेव्हा. त्यात याकुत्स्क शहरातलं एक अगदी साधं दृश्य आहे, रस्त्यावरून बस जाते, कामगार रस्ता दुरुस्त करतायत, बस्स. हेच दृश्य तो परत परत दाखवतो आणि वरचा आवाज तेवढा बदलतो, एकदा सोव्हिएत राजवटीचं कौतुक, एकदा तिच्यावर टीका, एकदा नुसतं तटस्थ वर्णन. चित्र तेच, पण दरवेळी आपल्याला वेगळंच काहीतरी दिसायला लागतं. चित्राचा अर्थ आवाज ठरवतो हे त्यानं दोनेक मिनिटांत दाखवून टाकलं, आणि माझ्या मते आज जे काही व्हिडिओ एसे म्हणून चालतं त्याची सगळी पुंजी त्या बसवाल्या दृश्यात आहे. मग 1972 मध्ये बीबीसीवर जॉन बर्जरची चार भागांची मालिका आली, सुरुवातीलाच हा माणूस चाकू घेऊन जगप्रसिद्ध चित्राच्या नकलेतून एक चेहरा कापून काढतो आणि मग बोलायला लागतो. आत्ताचे यूट्यूबर पहिल्या दहा सेकंदात जे करायला तडफडतात ते त्यानं पन्नास वर्षांआधी करून ठेवलं!

आपल्याकडे त्या काळात फिल्म्स डिव्हिजन होतं, 1948 पासून. टॉकीजमध्ये मेन पिक्चरच्या आधी त्यांची रीळ दाखवणं कायद्यानं सक्तीचं होतं, त्यामुळं त्यात जे काही चांगलं झालं (आणि झालंय, साठच्या दशकात तिथं काही लोकांनी भन्नाट प्रयोग केले) ते बघायच्या वेळेला पब्लिक बाहेर बिडी पीत उभं असायचं. नंतर दूरदर्शन, 1988 मध्ये श्याम बेनेगलांचं 53 भागांचं भारत एक खोज वगैरे. ते पण लांब होतं आणि गावात ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या ओट्यावर बसून लोकांनी बघितलंच, पण तो एका माणसाचा आवाज नव्हता, सरकारी पडद्याचा होता.

आता यूट्यूब. 23 एप्रिल 2005 ला पहिला व्हिडिओ चढला, प्राणीसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक जण बोलतो, 19 सेकंदांचा. लोक अख्ख्या सिरीयल चढवायला लागले म्हणून मार्च 2006 मध्ये दहा मिनिटांची मर्यादा घातली. त्यामुळं ज्याला लांब बोलायचं त्यानं तुकडे करायचे. डिसेंबर 2009 मध्ये रेड लेटर मीडिया या चॅनेलनं स्टार वॉर्सच्या एका पिक्चरची चिरफाड करणारा 70 मिनिटांचा रिव्ह्यू टाकला, सात तुकड्यांत. एका पिक्चरला शिव्या घालायला सत्तर मिनिटं! आणि लोकांनी सातही तुकडे बघितले, एकमेकांना लिंका पाठवल्या. लांब व्हिडिओला गिऱ्हाईक आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं. 2010 मध्ये मर्यादा आधी पंधरा मिनिटं झाली आणि वर्ष संपता संपता निवडक लोकांसाठी उठलीच.

पण दार उघडलं म्हणून कोणी आत येतंच असं नाही, त्याला कारण लागतं, आणि ते 2012 मध्ये मिळालं. तोवर यूट्यूब व्ह्यूज मोजायचं, म्हंजे खोटं थंबनेल लावून क्लिक मिळवला की काम झालं. 2012 मध्ये त्यांनी गणित बदललं, आता किती मिनिटं बघितलं ते मोजणार. एका झटक्यात जो माणूस तुम्हाला चाळीस मिनिटं धरून ठेवतो तो फायद्यात. वर दहा मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओत मधे मधे जाहिरात टाकता यायची, जुलै 2020 मध्ये ती अट आठ मिनिटांवर आली. म्हणून तर त्या काळात जिकडंतिकडं दहा मिनिटं पाच सेकंदांचे व्हिडिओ दिसायचे, सात मिनिटांच्या मालात तीन मिनिटं पाणी. हे लोक फॅन लोकांना चांगले ठाऊक आहेत, "व्हिडिओ सुरू करण्याआधी" म्हणत चार मिनिटं घालवणारे. लांबी वेगळी आणि खोली वेगळी, राजेहो.

खोलीवाल्यांना जगवलं ते पेट्रिऑननं. 2013 ची कंपनी, बघणारे लोक दर महिन्याला थोडे थोडे पैसे थेट बनवणाऱ्याला देतात. जाहिरातीची भीती गेली की माणूस सहा महिने एकाच विषयावर बसू शकतो. एव्हरी फ्रेम अ पेंटिंग हे चॅनेल 2014 मध्ये आलं, त्यांचे व्हिडिओ तसे छोटेच, दहा मिनिटांच्या आतबाहेर, पण एडिटिंगनं मुद्दा कसा मांडायचा हे अख्ख्या पिढीला त्यांनी शिकवलं. नंतर लांबी वाढतच गेली. डॅन ओल्सन या यूट्यूबरनं जानेवारी 2022 मध्ये एनएफटी (डिजिटल चित्रांच्या वगैरे मालकीचे विकले जाणारे टोकन) आणि क्रिप्टोवर दोन तासांच्या वर व्हिडिओ केला तेव्हा क्रिप्टो जोरात होतं आणि आमच्या इकडचे पोट्टे पण ॲपवर कॉइन घेत होते. डिसेंबर 2023 मध्ये एचबॉम्बरगाय या चॅनेलवर यूट्यूबवरच्या चोरीमारीवर जवळजवळ चार तासांचा. मे 2024 मध्ये जेनी निकल्सन या यूट्यूबरचा, फ्लोरिडातल्या डिस्नेच्या स्टार वॉर्स हॉटेलवर, तो पण चार तासांचा.

या शेवटच्याबद्दल थोडं बोलू द्या, कारण सगळ्यात जास्त टोमणे मला याच्यावरून पडलेत. "चार घंटे? हॉटेलवर? काऊन बे, तुले जायचं हाय का तिथं?" तर ते हॉटेल मार्च 2022 मध्ये उघडलं, दोन माणसांचे दोन रात्रींचे सुमारे 4,800 डॉलर, सप्टेंबर 2023 मध्ये बंद. ती बाई स्वतःच्या पैशानं जाऊन आली आणि जाहिरातीत काय सांगितलं होतं, हातात काय पडलं, हे एकेक करून पुराव्यानिशी मांडते. जेवताना तिच्या टेबलासमोर बरोब्बर एक खांब येतो आणि शो दिसतच नाही, यावर ती किती वेळ बोलते! हॉटेल गेलं उडत, पण पाकिटावरचं चित्र बघून बियाणं घेतलेल्या आणि ते उगवलंच नाही म्हणून कृषी ऑफिसात पावती घेऊन उभं राहिलेल्या कोणत्याही माणसाला हा व्हिडिओ पहिल्या दहा मिनिटांत कळतो. तो कळायला स्टार वॉर्स बघितलेलं असायची काहीच गरज नाही.

आता आमच्यापर्यंत हे कसं पोचलं. 2016 च्या आधी एक जीबीला 250 रुपयांच्या आसपास लागायचे आणि नेटवर्क टूजी, व्हिडिओ लावला की गोल चक्रीच फिरायची. तेव्हा तालुक्याच्या मोबाईल शॉपीत दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्ड भरून आणायचं, तो जे भरून देईल ते बघायचं, गाणी आणि साउथचे डब पिक्चर. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, डेटा फुकट, ते मार्च 2017 पर्यंत चाललं, नंतर आला रोजचा एक-दीड जीबी. या दीड जीबीनंच आम्हाला लांब व्हिडिओची गोडी लावली असं मी म्हणतो. हिशोब करा ना, 360पी वर तासाला अंदाजे 300 एमबी जातात, म्हंजे चार तासांचा व्हिडिओ एका दिवसाच्या कोट्यात बसतो, आणि कोटा उरला तर रात्री बाराला वायाच जाणार. वर डाऊनलोड करून ठेवायची सोय भारतात 2014 च्या शेवटीच आली होती, गावात वायफाय असलेल्या एका जागी उभं राहून डाऊनलोड मारायचं आणि शेतात न्यायचं.

शेतात, कारण खरं बघणं तिथंच होतं. धान लोंबीवर आलं की रानडुकरं रात्रीतून बांधी लोळवतात, म्हणून जागल. आमच्या भागात वाघाचं पण आहे, त्यामुळं जागलीचा नियम असा की इयरफोन एकाच कानात, दुसरा कान उघडा, आणि स्क्रीनची लाईट एकदम कमी, नाहीतर अंधारातलं काहीच दिसत नाही. मग व्हिडिओ बघणं असं होत नाही, ऐकणंच होतं. कुठं काही खसफसलं की पॉज, बॅटरी फिरवायची, डबा वाजवायचा, परत चालू. उन्हाळी धानाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर पंपाची थ्री फेज लाईन बऱ्याचदा रात्रीचीच, ती येईपर्यंत आणि आल्यावर जाऊ नये म्हणून बसून राहायचं. अशा वेळी तीस सेकंदांचे रील्स काही कामाचे नाहीत, सारखा अंगठा हलवावा लागतो आणि डोळे तिथंच गुंततात. एक माणूस शांतपणे तीन तास एकच गोष्ट सांगतोय, हेच पाहिजे असतं.

आणि अशी एका माणसानं सांगितलेली लांब गोष्ट ऐकायला इथले लोक तयारच होते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान, तत्त्व आधी आणि गोष्ट मागून. व्हिडिओ एसेवाले बहुतेक उलट करतात, गोष्ट आधी आणि तत्त्व हळूच मागून, पण सांगाडा तोच. गाडगेबाबा (1876–1956) तर समोरच्यांना प्रश्न विचारत विचारत पुढं जायचे, उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. तुकडोजी महाराज (1909–1968) खंजिरी घेऊन बसले की मधेच भजन थांबवून गावच्या सफाईवर बोलणार, व्यसनावर बोलणार, 1942 च्या चिमूरच्या उठावामागं त्यांच्या भजनांचा केवढा वाटा होता ते आमच्या भागात कोणालाही विचारा. यूट्यूबवाल्यांनी हे बघून शिकलं असं मी म्हणत नाही, त्यांना चिमूर कुठं माहीत. ऐकणाऱ्याचं सांगतोय. पैशाचा मामला पण ओळखीचा, गाव वर्गणी काढून कीर्तनकाराला बिदागी देतं, पेट्रिऑन दुसरं काय करतं.

मग मराठीत असे व्हिडिओ इतके कमी का? हिंदीत ध्रुव राठीनं वीस-पंचवीस मिनिटांचा एक्सप्लेनर गावागावात नेला, मराठीत बोल भिडूसारखे चॅनेल आहेत, थिंक बँकवर लांब मुलाखती होतात, आणि ते सगळं चांगलं चालतं. पण एका माणसानं एक मुद्दा तासभर लावून धरलाय, असं शोधायला गेलं की हात रिकामे. एक कारण पैसा, आपल्या भाषेत जाहिरातीचा भाव कमी आणि दर महिन्याला पैसे देणारे प्रेक्षक नाहीत, त्यात ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमानं कार्डावरून आपोआप कटणारे महिन्याचे पैसे अडकायला लागले आणि जे थोडे लोक परदेशी चॅनेलना द्यायचे त्यांचे पण बंद पडले. दुसरं कारण क्लेम. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा 2007 पासून आहे, पिक्चरची क्लिप ओळखली की कमाई मालकाकडे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 आहे, समीक्षेसाठी वापरायची सूट आहे, पण मशीनला कलम समजत नाही आणि वकील लावायची ऐपत एडिटिंग करणाऱ्या पोराची नसते. म्हणून जुन्या मराठी पिक्चरवर कोणी तासभर बोललं तरी पडद्यावर नुसतं पोस्टर हलत राहतं, क्लिप दिसत नाही, आणि क्लिपशिवाय तो एसे नाही, भाषण झालं.

इंग्रजीवाले आता डब होऊन यायला लागलेत, डिसेंबर 2024 मध्ये यूट्यूबनं आपोआप डबिंग बऱ्याच चॅनेलना खुलं केलं, त्यात हिंदी आहे. कळतं सगळं, पण तो आवाज थांबत नाही, जिथं मूळ माणूस मुद्दा टाकून दोन सेकंद गप्प बसतो तिथं हा पुढं पळतो. मी सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल ट्रॅक लावतो आणि सबटायटल चालू ठेवतो, शेजारचा काका म्हणतो हिंदीच बरी, डोळे तरी धानाकडे राहतात, आणि जागलीच्या हिशोबानं त्याचंच बरोबर आहे.

बाकी आमच्याकडचा सगळ्यात लांब माल यूट्यूबवर आधीच पडलेला आहे, झाडीपट्टीची अख्खी नाटकं, एकाच कॅमेऱ्यानं समोरून शूट केलेली, आवाज फाटलेला, मधे कोणाचं तरी डोकं. 2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा चार-पाच मिनिटांच्या बातम्या भरपूर झाल्या. या रंगभूमीवर वडशाच्या नाटक कंपन्यांचं गणित, प्रॉम्प्टरची कमाल, मंडईचं अर्थकारण असं सगळं घेऊन तीन तास बोलणारा मला अजून सापडला नाही, आणि यात क्लेम मारणारी कोणती मोठी कंपनी पण नाही.