ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळच्या सफारीला लेन्स नेताय? हा कागद बॅगेतच राहू द्या

नमस्कार मंडळी. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की ताडोबा, पेंच, नागझिऱ्याला निघालेले लोक आमच्याकडे लेन्स भाड्याने घ्यायला येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सगळ्यात मोठी लेन्स कोणती आहे ती द्या." देतो की, नाही कशाला म्हणू, भाडं आम्हालाच जास्त मिळतं. पण खरं सांगायचं तर पहाटेच्या पहिल्या तासाला, त्यात गवा, सांबर, वाघ असले मोठाले प्राणी, तिथे नुसती ६०० मिमी (लांबचं खूप जवळ आणणारी लेन्स) घेऊन जाणं म्हणजे निम्मे फोटो आधीच सोडून देणं. का ते सांगतो. कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या राखीव भागात) मोबाईल वापरायला बंदी आहे त्यामुळे तिथे गूगल करता येणार नाही, म्हणून हे छापून दिलंय.

आधी उजेडाचं बघू. ताडोबाचा कोअर १ ऑक्टोबरला उघडतो. तेव्हा जंगल नुकतं पावसाळ्यातून बाहेर पडलेलं असतं, सागाची पानं अजून मोठी हिरवीगार, बांबू गच्च, रस्त्याच्या कडेला गवत माणसाच्या उंचीचं. चंद्रपूरकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि नोव्हेंबर संपता संपता साडेसहाला. पण उगवला म्हणजे आत उजेड झाला असं नाही हो, पानांच्या त्या छपराखाली पहिला अर्धा-पाऊण तास डोळ्याला सगळं दिसतं आणि कॅमेऱ्याला काही मिळत नाही अशी अवस्था असते. दाट बांबूत त्या वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ६४०० वर एफ ६.३ ला (एफचा आकडा लहान तितका लेन्समधून उजेड जास्त) शटर मिळतं साधारण १/५० सेकंद. तेवढ्याच उजेडात एफ २.८ ला मिळतं १/२५०. जवळपास पाचपट फरक! १/५० ला ६०० मिमी हातात धरून गव्याने नुसते कान हलवले तरी फोटो गेला समजा.

म्हणून आमचं म्हणणं असं की ७०-२०० एफ २.८ (७० ते २०० मिमीची झूम) न्या. भाड्याला ती १५०-६०० पेक्षा स्वस्त आहे, तरी लोक नाक मुरडतात की "एवढीशी?" आता हिशोब करून बघा. फुल फ्रेम कॅमेरा (उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेला), ६०० मिमी, गवा ३० मीटरवर, तर फ्रेमची रुंदी होते १.८ मीटर. मोठ्या नर गव्याची लांबी, डोक्यापासून मागच्या पायांपर्यंत, तीन मीटरच्या घरात जाते. म्हणजे तो फ्रेममध्ये मावतच नाही, तोंड घेतलं तर पाय जातात आणि पाय घेतले तर शिंगं. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सर असेल तर आणखीच वाईट, १.२ मीटर. तिथेच २०० मिमी ला फुल फ्रेमवर ५.४ मीटर मिळतात, म्हणजे अख्खा गवा, बाजूला बांबू आणि मागून येणारं पिवळं ऊन पण. वाघ रस्त्यावरून जिप्सीकडे (उघड्या सफारी गाडीकडे) चालत येतो तेव्हाही हेच, शेवटी शेवटी ६०० वाल्यांच्या कार्डात फक्त नाक आणि मिशा असतात.

१५०-६०० किंवा सोनीची २००-६०० नेऊच नका असं नाही. सूर्य झाडांच्या वर आला, तलावापलीकडे सांबर उभं आहे, तिथे तीच लागते. जमलं तर दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) घ्या, एकीवर ७०-२०० आणि दुसरीवर मोठी, कारण चालत्या जिप्सीत लेन्स बदलताना सेन्सरवर जी धूळ बसते ती घरी गेल्यावर आकाशात ठिपके होऊन दिसते. दोन बॉडी जमत नसतील तर पहिला तास छोटी लावून ठेवा आणि मधल्या ब्रेकला बदला, हलत्या गाडीत नको.

आता गवा. ह्याच्यावर जरा जास्त लिहितोय कारण सगळे वाघाच्या मागे असतात आणि आमच्या मते ह्या सीझनच्या सकाळी सगळ्यात भारी फोटो गव्याचा होतो. उंच असतो तो, मोठ्या नराचा खांदा पावणेदोन मीटर किंवा त्याहून वर, त्यामुळे जिप्सीच्या सीटवर बसल्या बसल्या तुम्ही जवळजवळ त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला येता. वाघाला हे सुख नाही, त्याच्यावर आपण वरून बघतो. (त्यावर उपाय सोपा, वाघ लांब असतानाच काढा, अंतर वाढलं की कोन आपोआप सपाट होतो, अगदी चाकाशी आल्यावर पाठच मिळते.) आणि गव्याचा रंग. लांबून नुसता काळा दिसतो, पण सकाळचं तिरपं ऊन अंगावर आलं की त्या तुकतुकीत कातडीत तांबूस-तपकिरी चमक दिसते, कपाळाचा राखाडी पट्टा उठून येतो आणि गुडघ्याखालचे पांढरे पायमोजे दवाने भिजून खाली चिखलाचे झालेले असतात. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, ऊन वर चढलं की परत काळा ठोकळा.

कॅमेरा मात्र इथे फसतो. फ्रेमभर काळा गवा दिसला की मीटरिंगला (कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) वाटतं अंधार आहे, मग तो सगळं उजळवतो, गवा होतो राखाडी आणि मागचं गवत पांढरंफट्ट. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) मायनसला न्या, ०.७ पासून सुरू करा, गवा अगदी फ्रेमभर असेल तर १.३ पर्यंत. पांढऱ्या पायमोज्यांवर हायलाइटची वॉर्निंग (तो भाग पांढराफट्ट झाल्याची खूण) लुकलुकत असेल तर अजून थोडं खाली. आणि उलटं, तलावावर धुकं आहे आणि त्यात सांबर, तर प्लस ०.७ वगैरे, नाहीतर धुक्याचा धूर होतो. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा सकाळचा सोनेरी रंग "दुरुस्त" करून टाकतो, ज्यासाठी तुम्ही चारला उठलात तोच! डेलाइटला टाका आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. प्राणी सावलीत आणि मागे ऊन असेल तर अंगावर निळी झाक येते, ती नंतर कमी करता येते पण सगळी घालवू नका, पहाट तशीच असते.

शटरचं साधं गणित: उभा प्राणी असेल तर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू ठेवून १/२५० ला काम भागतं, चालता असेल तर १/५००, पळता किंवा झुंजणारा असेल तर १/१००० च्या खाली जाऊ नका. आयएसओ ६४०० ला घाबरणारे अजून पुष्कळ आहेत, का ते कळत नाही, नॉइज (फोटोतले दाणे) आता सॉफ्टवेअरने बराच जातो, हललेल्या फोटोला कुठलंच औषध नाही.

बीनबॅग (लेन्सखाली ठेवायची पिशवी) आम्ही रिकामी देतो, लेन्ससोबत फुकट. गेटजवळच्या गावात दुकानातून तीन-चार किलो तांदूळ घ्या आणि भरा, परत येताना घरी न्या नाहीतर तिथेच कुणाला देऊन टाका. वाळू भरू नका, शिवणीतून गळते आणि झूम रिंगमध्ये जाते. ट्रायपॉड जिप्सीत काही कामाचा नाही, मोनोपॉड पण बाकीच्यांच्या पायात येतो. बीनबॅग रेलिंगवर ठेवायची, वर लेन्स, आणि ड्रायव्हरला म्हणायचं "भाऊ, इंजिन बंद करा", मग गाडीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगायचं की दोन मिनिटं हलू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं, विशेषतः घरची मंडळी सोबत असतील तर.

धुक्याचा, म्हणजे काचेवरच्या धुक्याचा वेगळा त्रास. ऑक्टोबरमध्ये हवा अजून दमट असते. रात्रभर एसी रूममध्ये थंड झालेली लेन्स पहाटे बाहेर काढली की पुढची काच सेकंदात पांढरी होते, आणि पुसली तरी पुन्हा होते कारण अख्खी लेन्सच थंड असते. त्यामुळे रात्री बॅग एसीच्या खोलीत ठेवू नका, व्हरांडा सेफ असेल तर तिथे, नाहीतर निघायच्या तासभर आधी चेन बंद ठेवूनच बॅग बाहेर आणा. बॅग लगेच उघडायची नाही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस पण गाठू शकतो, रेनकव्हर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

नोव्हेंबर जास्त बरा असं आमचं मत, कोणी काही म्हणो. साइटिंग उन्हाळ्यात जास्त, मान्य, एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यावर बसलं की प्राणी येतोच. पण तेव्हाचं ऊन बघा, सातलाच चरचरीत. नोव्हेंबरात ऊन उशिरापर्यंत तिरपं राहतं, ताडोबा तलावावर कधी कधी वाफ दिसते, आणि सांबरांचा माजाचा काळ सुरू झालेला असतो, नर चिखलात लोळून शिंगांना गवत अडकवून फिरतात. असा नर उन्हाकडे पाठ करून उभा असेल तर जागा बदला असं ड्रायव्हरला सांगू नका, उलट तिथेच थांबा, कडेच्या केसांवर उजेडाची रेघ येते, एक्स्पोजर त्या रेघेसाठी ठेवा, बाकी काळं पडलं तरी चालेल.

वागण्याबद्दल थोडंच. फ्लॅश नाही, गाडीतून उतरणं नाही, आवाज काढून प्राण्याला वळवणं नाही. गवा आडवा उभा राहून मान खाली घालत असेल तर तो पोज देत नाहीये, "निघा" म्हणतोय, गाइड सांगेल तसं मागे घ्या. मंगळवारी कोअर बंद असतो, तो दिवस धरून भाडं भरू नका, बुकिंग बघून तारखा सांगा, आम्ही जुळवून देऊ.

परत देताना लेन्स चकाचक करून आणायची गरज नाही. शर्टाच्या टोकाने तर अजिबात पुसू नका, धूळ घासली जाऊन कोटिंगवर ओरखडे पडतात आणि मग डिपॉझिटचा विषय निघतो जो आम्हालाही नको असतो. जशी आहे तशी हूड लावून आणा, साफ आम्ही करतो. कुठे आपटली असेल तर आल्या आल्या सांगा, पुढच्या ग्राहकाचं बुकिंग असतं. आणि बॉडी पण आमची असेल तर देण्याआधी कार्ड काढून घ्या, आमच्या ड्रॉवरमध्ये विसरलेली बरीच पडून आहेत.