रेपोची कपात वेगळी, व्याजाची सवलत वेगळी

जून २०२५ मध्ये आरबीआयने रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० वर आणला आणि संध्याकाळी जुन्नरहून मामांचा फोन, "काय रे, तुझा हप्ता कमी होणार म्हणे, मग आमच्या पीककर्जाचं काय?" मी म्हटलं तुमचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, तर जरा चिडलेच. पण खरंच नाहीये. लोक दोन्हीला 'व्याज कमी केलं'च म्हणतात ना, म्हणून घोळ होतो.

रेपो म्हणजे बँका आरबीआयकडून ज्या दराने उधार घेतात तो. देशभर एकच, मुंबईत मिंट रोडवर, आरबीआयच्या मुख्यालयात ठरतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची फ्लोटिंग रेटची, म्हणजे बदलत्या व्याजाची, नवीन होम लोन आणि छोट्या उद्योगांची कर्जं बँकेबाहेरच्या एखाद्या दराला (बेंचमार्कला) बांधलीत, बहुतेक ठिकाणी तो रेपोच असतो, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो. त्यामुळे घोडबंदर रोडचे आमच्यासारखे फ्लॅटवाले काय किंवा वागळे इस्टेट, तुर्भ्याचे वर्कशॉपवाले काय, आम्हाला रेपो लगेच लागतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ४ वरून ६.५० वर गेला होता. समजा २० वर्षांसाठी ४० लाखांचं कर्ज, ६.७५ टक्क्यांनी हप्ता साधारण ३०,४००. तेच ९.२५ झालं की महिन्याचं नुसतं व्याजच ३०,८०० च्या वर, म्हणजे जुना हप्ता भरत राहिलात तर मुद्दल एक रुपयाही फिटत नाही! मुदत वाढवूनही भागत नाही, हप्ता वाढवावाच लागतो.

मामांचं तसं नाही. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, म्हणजे ४, आणि वर राज्य सरकारही पंजाबराव देशमुख योजनेतून व्याजात सवलत देतं. रेपो ४ असो नाहीतर ६.५०, मामांचा आकडा तोच. हे पैसे बजेटमधून येतात, आरबीआयकडून नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर तिथेही रेपोची सक्ती नाही.

मग गावाला रेपोचं काहीच नाही का? आहे, पण उलट्या बाजूने. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला, महागाई ७.४४ टक्के झाली. नारायणगावच्या मार्केटात क्रेटला भाव मिळाला म्हणून मामा खूश. महागाई आवरायची तर आरबीआय व्याज चढं ठेवते, त्यामुळे इकडे ती सारखी खाण्यापिण्याच्या महागाईवर बोट ठेवत राहिली आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत रेपो ६.५० वरून हलवलाच नाही. आता व्याज वाढवून काही टोमॅटो जास्त पिकत नाहीत, पण हप्ता आमचाच चढा राहिला. हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्या वर्षी एवढी ओरड कशाला करत होतास, मला वाटलं भाजीच परवडत नाही तुला."