वजनघट आणि गुडघेदुखी (खान्देश)

वजनघट आणि गुडघेदुखी : आहार बदलून वजन उतरवल्यावर जुनाट सांधेदुखीत आणि हालचालीत पडणारा फरक. जळगाव, धुळे व नंदुरबार या खान्देशच्या जिल्ह्यांत ही गोष्ट बहुधा गुडघ्यापासूनच निघते. खापरावरचे मांडे (उपड्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या) करायला चुलीपुढे बराच वेळ बसावे लागते. कोपरापर्यंत मांडा पसरवणाऱ्या बाईला उठताना मात्र आधी भिंत धरावी लागते, मग गुडघ्यावर हात रेटावा लागतो. ‘मना गुडघा दुखतस’ हे त्यानंतरचे वाक्य.

चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो. सांधेझीज असलेल्या स्थूल ज्येष्ठांवरील एक अमेरिकी अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार उतरलेल्या दर १ किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो. म्हणजे ५ किलो उतरले, तर पावलागणिक २० किलोंचे ओझे कमी. पण सगळा हिशेब ओझ्याचाच नाही. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात. स्थूल माणसांत हाताच्या बोटांचे सांधेही अधिक झिजतात, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही.

वजनाचा विषय निघाला की खान्देशात पहिला दोष भाकरीला दिला जातो, तो बहुतांशी अन्याय आहे. ज्वारी किंवा बाजरीबरोबर अख्खे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी प्रथिने आणि चोथा दोन्ही देते. खरी गोम तिच्या शेजारी असते : ठेच्यावर ओतलेले कच्चे शेंगदाणा तेल, शेवभाजीची बोटभर तर्री आणि त्या तर्रीत बुडालेली तळलेली शेव. पिठाच्या १ ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तेलाच्या १ ग्रॅममधून ९. बट्टी वाफवून, कापून, तळून वरणात कुस्करायची आणि वर तुपाची धार सोडायची. यातले तळणे वगळले तरी जेवण बट्टीचेच राहते. उपवासाने वजन उतरते हाही असाच एक समज. दाण्याच्या कुटात परतलेली साबुदाण्याची खिचडी त्या दिवशी उलट भरच घालते.

आहार आणि व्यायाम यांची तुलना करणारी १८ महिन्यांची, ४५४ जणांवरील चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही एकत्र करणाऱ्यांचे दुखणे नुसता व्यायाम किंवा नुसता आहार सांभाळणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाले. याचे एक कारण असे असावे : केवळ जेवण तोडले की चरबीसोबत स्नायूही जातात, आणि मांडीचा स्नायू अशक्त झाला की गुडघ्याचा आधारच सुटतो. म्हणून डाळ, ताक, अंडी कमी करू नयेत. फरक हालचालीत जाणवतो : जिना चढताना कठड्याचा आधार लागेनासा होतो, मांडी घालून बसलेले माणूस एका दमात उठते. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) मात्र परत येत नाही.

हा उपाय सरसकट सांगण्याजोगा नाही. युरिक आम्लाचा त्रास असलेल्याने एकदम कडक उपास धरला, तर सांध्यात भडका उडू शकतो. कापूस वेचणाऱ्या अनेक बायकांचे गुडघे अंगावर मांस नसतानाच दुखतात. त्यामागे वाकणे, उकिडवे बसणे आणि डोक्यावरचे ओझे असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगावच्या पट्ट्यात तर मूळ प्रश्न कुपोषणाचा आहे. तिथल्या कृश बाईला ‘वजन कमी करा’ असे सांगण्यात अर्थ नाही. तिचे ओझे आणि बसण्याची पद्धत आधी विचारावी.