पाटाचे पाणी आणि पंधरा वर्षांचा आराखडा

जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांची एखादी सहकारी संस्था पुढील पंधरा वर्षांचा आराखडा करायला बसली आहे, असे समजू. मागील दहा वर्षांची आवक, भाव आणि कर्जाचे आकडे कागदावर मांडले जातात, त्यांतून एक रेषा काढून ती पुढे ओढली जाते आणि त्या रेषेच्या भरवशावर शीतगृहाचे व रायपनिंग चेंबरचे (केळी पिकवण्याच्या खोल्यांचे) कर्ज उभे राहते. या पद्धतीत गणिताची चूक नसते. भविष्य एकच आहे आणि ते भूतकाळासारखेच आहे, हे न बोलता गृहीत धरले जाते, तिथेच खरी अडचण सुरू होते.

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाईट यांनी १९२१ मध्ये धोका आणि अनिश्चितता या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ज्याची शक्यता मोजता येते तो धोका. जिथे शक्यता मोजण्याचे साधनच नाही, ती अनिश्चितता. पुढील हंगामात गारपीट होईल का, हा बराचसा पहिल्या प्रकारचा प्रश्न असून त्यासाठी पीक विमा आहे. वीस वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरींत किती पाणी असेल, हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे आणि त्याचा हप्ता कोणालाही ठरवता येत नाही.

या दुसऱ्या प्रकारासाठी ‘सिनॅरिओ प्लॅनिंग’, म्हणजे संभाव्य चित्रांवर आधारित नियोजन, ही पद्धत वापरली जाते. तिचा पाया १९५० च्या दशकात अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेत हर्मन कान यांनी लष्करी प्रश्नांवर काम करताना घातला. उद्योगजगतात ती गाजली शेल या तेल कंपनीमुळे. पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाचा भाव एकाएकी उसळू शकेल असे चित्र १९७३ पूर्वीच कंपनीच्या व्यवस्थापकांपुढे ठेवले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून काही महिन्यांत भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढे गेला. वाक यांचे यश भाकिताचे नव्हते. त्यांची सुरुवातीची चित्रे सर्वांना आधीच ठाऊक असलेली अनिश्चितता आकड्यांत सांगत होती, म्हणून निर्णयावर त्यांचा काही परिणाम झाला नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे.

त्याच लेखनात त्यांनी गंगेचे उदाहरण दिले आहे. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, की ऋषिकेशला दोन दिवसांत पूर येणार आणि पुढे अलाहाबाद, बनारसला तो काही दिवसांनी पोहोचणार. हे भाकीत नसून आधीच घडलेल्या गोष्टीचा परिणाम असतो. खान्देशात हे समजावून सांगावे लागत नाही. मुलताई-बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला, की हतनूर धरणाचे दरवाजे उघडणार हे तापीकाठच्या गावांना कळलेले असते. चांगल्या आराखड्याचे पहिले काम, माझ्या मते, जे ठरून गेले आहे ते जे ठरलेले नाही त्यापासून वेगळे करणे हे आहे.

आपल्या काल्पनिक संस्थेपुढे ही विभागणी स्पष्ट दिसते. केळीच्या ग्रँड नैन या जातीची ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपे जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी असतात, त्यामुळे एका रोपाला न झेपणारा रोग साऱ्या बागेला झेपणार नाही, हे ठरलेले आहे. ग्रो मिशेल ही एकेकाळची निर्यातीची मुख्य जात पनामा मर रोगामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारातून गेली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गट आला. ग्रँड नैन याच गटातली, आणि त्या रोगाचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. बिहार व उत्तर प्रदेशात तो आढळला आहे. जळगाव जिल्ह्यात तो कधी येईल, किंवा येईलच का, हे मात्र ठरलेले नाही. भूजल आणि रोग हे दोन अक्ष घेतले, की चार चित्रे होतात. चांगले, वाईट आणि मधले अशी तीन चित्रे करण्याचा मोह टाळावा, कारण सभेत सगळे मधल्यावर बोट ठेवतात आणि जुनी रेषा मागच्या दाराने परत येते.

चारही चित्रांत तग धरणारे निर्णय आज घ्यावेत, उरलेले खुले ठेवावेत. लंडनमध्ये थेम्स नदीच्या मुखाशी पुराविरुद्ध २०१२ साली आखलेली योजना अशीच आहे: समुद्रपातळीसारख्या खुणा मोजत राहायच्या आणि त्या ठराविक मर्यादेला पोहोचल्या की पुढचे बांधकाम हाती घ्यायचे. आपली संस्थाही सगळी चेंबर एकदम न बांधता टप्प्याटप्प्याने बांधू शकते, आणि इमारत अशी आखू शकते की उद्या तिथे दुसरे फळही ठेवता येईल.

परंतु खूण दिसल्यावर निर्णय कोण घेणार आणि त्याची झळ कोण सोसणार, हे आधी ठरले नसेल तर मोजमाप वाया जाते. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरील फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत याचे उत्तर शेतीच्या आखणीतच होते. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, प्रत्येक फडात एकच पीक, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असल्याने कोरड्या फडाचा तोटा सर्वांत वाटला जाई, म्हणून पाटकऱ्याने, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाने, पाणी बंद केले तरी त्याच्याशी भांडण्यात फारसा अर्थ नसे. आपल्या संस्थेत विहिरींच्या मे महिन्यातील नोंदी कोणत्या सभेपुढे येतील, पातळी किती खाली गेली की नवी लागवड थांबेल आणि थांबलेल्या सभासदाला इतरांच्या नफ्यातून किती वाटा मिळेल, या तीन गोष्टी आराखड्याच्या पहिल्याच पानावर हवेत.