‘निरीक्षक’ म्हणजे नेमका कोण?

गोव्यात विधानसभा निवडणूक लागली की मराठी दैनिकांत ‘निरीक्षक’ हा शब्द रोज येतो, आणि दर वेळी त्यामागचा माणूस वेगळा असतो. पोलीस ठाण्याचा प्रमुख निरीक्षक, निवडणूक आयोगाने पाठवलेला अधिकारी निरीक्षक आणि दिल्लीहून आलेला पक्षाचा नेताही निरीक्षकच.

मुळात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. या एका धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून प्रेक्षक, परीक्षक, समीक्षक, पर्यवेक्षक झाले. अपेक्षा आणि उपेक्षाही त्यातल्याच. निरीक्षक तो, जो बारकाईने पाहतो. त्याच्या हाती अधिकार असतोच असे नाही. चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली अभयारण्यात खारफुटीकडे दुर्बीण लावून बसलेला पक्षीनिरीक्षक कोणाला काय आदेश देणार? पण मराठी प्रशासनाने ‘इन्स्पेक्टर’साठी हाच शब्द घेतला आणि पाहण्याला हुकमाची जोड मिळाली. पुढे ‘ऑब्झर्व्हर’लाही तोच शब्द लागला. गोंधळ इथून सुरू होतो.

पक्षाच्या निरीक्षकाला कायद्याचा आधार नसतो; पक्षश्रेष्ठींचा शब्द हेच त्याचे बळ. मार्च 2022 मध्ये भाजपने नरेंद्रसिंह तोमर आणि एल. मुरुगन यांना केंद्रीय निरीक्षक म्हणून गोव्यात पाठवले, आणि विधिमंडळ पक्षाने प्रमोद सावंत यांची नेतेपदी निवड केली.

आयोगाच्या निरीक्षकाचे तसे नाही. त्याच्या नेमणुकीला 1996 मध्ये स्पष्ट कायदेशीर आधार मिळाला. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मध्ये तेव्हा कलम 20 ब घालण्यात आले. मोठ्या प्रमाणावर मतदान केंद्रे बळकावली गेली किंवा निकाल ठरवताच येणार नाही इतकी मतपत्रिकांची नासधूस झाली, तर हा निरीक्षक निर्वाचन अधिकाऱ्याला मतमोजणी थांबवायला किंवा निकाल रोखून धरायला सांगू शकतो. मग त्याने आयोगाला ताबडतोब कळवायचे. पुढचा निर्णय आयोगाचा. एरवी पाहून अहवाल देणाऱ्या माणसाला कायद्याने दिलेली ही फार मोठी ताकद आहे. उलट संवेदनशील केंद्रावरचा सूक्ष्म निरीक्षक दिवसभर सगळे पाहतो, पण कामकाजात हात घालू शकत नाही. त्याने आयोगाच्या सामान्य निरीक्षकाला (जनरल ऑब्झर्व्हर) अहवाल द्यायचा.

आयोग भारतीय पोलीस सेवेतले अधिकारीही निरीक्षक म्हणून पाठवतो. मराठीत तेही ‘पोलीस निरीक्षक’ होतात, म्हणजे म्हापशाच्या किंवा मडगावच्या ठाण्यातल्या पीआयचेच पदनाम! एक स्थानिक पोलीस दलाचा, दुसरा निवडणुकीतल्या पोलीस बंदोबस्तावर आयोगाच्या वतीने नजर ठेवणारा. कोणाकडे तक्रार न्यायची हे ज्या मतदाराला बातमीवरून ठरवायचे आहे, त्याच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. बातमीत किमान ‘आयोगाचे पोलीस निरीक्षक’ एवढे तरी लिहायलाच हवे.